मधी गाढवबी शार्प येतंय

फोटो हातात घेतला की ते आधी त्याच्या मधोमध तळहात ठेवायचे. नवरानवरी असोत, आमदार असोत, कुणाचं बारशाचं बाळ असो, सगळं हाताखाली झाकून टाकायचे आणि मग उरलेले चार कोपरे एकेक करून बघायचे. समोरचा कळवळून म्हणायचा, "अहो, चेहरा तरी बघा की." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "मधलं मला दावू नगा. मधी गाढवबी शार्प येतंय."

राजारामपुरीतल्या ज्या फोटो लॅबमध्ये मी काम करते, तिथं ते नेहमीचे होते. मी उचगावहून येते, स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरवर बसते. बाकी सगळं कोल्हापूर मोबाइलवर फोटो काढायला लागलं, तरी हे गृहस्थ मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेऊन ग्रुप फोटो काढत होते. फिल्म घरी स्वतः धुवायचे आणि निगेटिव्ह कागदात गुंडाळून आमच्याकडं स्कॅन करायला आणायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाऐवजी भिंग. लॅबमध्ये आम्ही त्यांना माघारी 'कोपरेमास्तर' म्हणत होतो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

तुम्ही कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या बँकेत किंवा तालमीत गेला असाल, तर भिंतीवर टांगलेला लांबलचक ग्रुप फोटो बघितला असेल. खुर्च्यांवर बसलेले मोठे लोक, मागं उभे कर्मचारी. तो यांचा आहे का, हे ओळखायची खूण सांगते. साहेबांकडं बघू नका. अगदी टोकाला उभ्या असलेल्या शिपायाकडं बघा. त्याच्या शर्टाचा दोरा निघालेला दिसला, तर फोटो यांचा.

हे सोपं नसतं, एवढं मला त्यांच्यामुळंच कळलं. अंगण लहान आणि माणसं पुष्कळ, त्यामुळं लेन्स वाइड लागते. आणि वाइड लेन्स मधे कितीही चांगली असली, तरी कडेला ढिली पडते. कडेची माणसं पुसट होतात, ताणली जातात. लोकांना त्याचं काही वाटत नाही, कारण कडेला उभा असतो तो कधीच महत्त्वाचा नसतो. यांना वाटायचं. "कडंचा माणूसबी घरात फ्रेम लावतोय की," म्हणायचे. "त्याच्या पोरांनी काय धुकं बघायचं व्हय?"

हे ऐकून तुम्हाला माणूस मोठ्या मनाचा वाटेल. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं.

कागलचे एक चित्रकलेचे शिक्षक एकदा लॅबमध्ये आले. हौशी माणूस. नवीन वाइड लेन्स घेतली होती आणि वडिलांच्या पंच्याहत्तरीला सगळ्या खानदानाचा फोटो काढला होता. मोठी प्रिंट करून घेतली आणि कौतुकानं यांच्यापुढं धरली. यांनी मधे तळहात ठेवला. बराच वेळ बघितलं. मग प्रिंट उचलून आमच्या कागद कापायच्या मशीनवर नेली आणि चारही कोपरे तिरपे कापून टाकले. कुणाला काही कळायच्या आत झालं ते.

"आता सगळीकडं शार्प हाय," म्हणून त्यांनी ती आठ बाजूंची प्रिंट परत दिली.

शिक्षक खाली पडलेला एक तुकडा उचलून म्हणाले, "अहो, ही माझी थोरली बहीण."

"बहीण कुठाय? ती आधीच गेल्यात जमा हुती."

लॅबमधली चारदोन माणसं हसली. शिक्षकही हसले, कारण काय करावं ते त्यांना सुचलं नसावं. तुकडे खिशात घालून गेले ते पुन्हा आमच्याकडं आले नाहीत. मालकांनी नवीन प्रिंट करून कागलला पाठवली होती, ती पोचल्याचा फोनसुद्धा आला नाही.

ग्रुप लावतानाही तोंड असंच चालायचं. एका पतपेढीच्या अंगणात टोकाला उभ्या राहिलेल्या जाड्या माणसाला त्यांनी सगळ्यांसमोर मधे ओढलं. "कडंला लेन्स माणूस ताणती, पावणं. तुम्ही आधीच हायसा तेवढं बास." बायकांनासुद्धा सोडत नसत. तरी लोक त्यांनाच बोलवायचे. सगळे स्वच्छ दिसतील असा फोटो दुसरं कुणी देत नव्हतं, आणि चांगलं काम करणाऱ्या माणसाचं वाईट तोंड आपल्याकडं चालवून घेतात.

आता त्यांच्या टेस्टबद्दल सांगते.

त्यांना हवी तशी वाइड लेन्स आयुष्यभर मिळाली नव्हती. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून जुन्या लेन्स मागवायचे, तपासायचे आणि परत पाठवायचे. तपासायची रीत त्यांची स्वतःची होती. बाकीचे लोक भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवतात, त्याचा फोटो काढतात आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात का बघतात. यांना ते पटत नव्हतं. "ग्रुपात काय भिंत बसती व्हय? माणसं बसत्यात," म्हणायचे. म्हणून ते घरामागच्या पांढऱ्या भिंतीपुढं बायकोला उभं करायचे. तिच्या हातात छातीशी धरलेला पेपर. आधी डाव्या टोकाला, मग उजव्या. वरच्या कोपऱ्यांसाठी तिला स्टुलावर चढवायचे. ग्रुपला ठेवतात तसंच शटर हळू ठेवायचे, म्हणजे तेवढा वेळ माणसानं दगडासारखं राहायला पाहिजे.

"माझी बायको हलत न्हाय," एकदा मला म्हणाले. "खांबागत हुबारती." एवढीच तिची तारीफ मी त्यांच्या तोंडून ऐकली.

त्यामुळं त्या बाईंना मी भेटायच्या आधी कित्येक वर्षं बघत होते. स्कॅन उघडला की सगळा फोटो रिकामा, पांढरी भिंत, आणि एका कोपऱ्यात त्या. उजव्या गालावर तीळ. लुगड्यासारखं घट्ट नेसलेलं पातळ. स्टुलावर असल्या की पायाची बोटं आवळलेली. मी त्यांचे केस पांढरे होताना बघितले. पण यांना ते सगळं नको असायचं. मागं उभं राहून सांगायचे, "खालचा डावा कोपरा मोठा कर. अजून. पेपर घे नुसता." मग अक्षरं पडदाभर व्हायची आणि ते भिंग न लावता वाचायचे. तेवढाच तुकडा कापून ठेवायला लावायचे, पुढच्या लेन्सशी ताडून बघायला. अख्खा स्कॅन लगेच पुसायचा. निगेटिव्ह आमच्याच कचऱ्याच्या डब्यात. "टेस्टचं काय लोणचं घालायचंय?" म्हणायचे.

अलीकडं, दोनतीन वर्षांपूर्वीची गोष्ट असेल, लागोपाठ सगळ्या लेन्स खराब निघायला लागल्या. कोणतीही आणा, कोपऱ्यातली अक्षरं पुसलेली. एका व्यापाऱ्यानं यांचा फोन उचलणं बंद केलं. त्यातच ज्या लेन्सची ते कित्येक वर्षं वाट बघत होते, ती एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या घरातून मिळाली. काचेवर चरा नाही. तिच्याही कोपऱ्यात धुकं. त्या दिवशी त्यांनी तुकडासुद्धा कापून ठेवायला लावला नाही.

पुढच्या वेळी आले ते एकच निगेटिव्ह घेऊन. मी स्कॅन केला, आणि बाई मधोमध होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच मधे बघत होते. पडद्याच्या बरोब्बर मध्यावर, समोर बघणाऱ्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला मोठं कुंकू. त्यांना वाटलं असणार, आज आपला फोटो काढतायत.

"पेपर घे," ते म्हणाले.

पेपर पुसट होता.

ते हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. "बघितलंस? लेन्स कितीबी भिकार असू दे, मधी खराब येत न्हाय. आता पदर बघ. धागा न् धागा दिसतोय. मंगळसूत्राचा मणी बघ. मग पेपरच का पुसट? लेन्स चांगली हाय. हात हलतोय तिचा."

मग माझ्या खांद्यावरून हात घालून त्यांनी स्वतःच ती फाइल उडवली. "चुकीची टेस्ट," म्हणाले. निगेटिव्ह डब्यात गेला.

मी विचारलं, "वहिनींना डॉक्टरला दाखवलं का?"

"कशाला?"

"हात थरथरतोय म्हणताय ना."

"वय झालंय. आता स्टँड केलाय मी, पेपराला चिमटा लावून. तिला आता उन्हात हुबारायला नको. सुटली ती." आणि जाताना समोरच्या दुकानातून पेढे आणून त्यांनी अख्ख्या लॅबला वाटले. लेन्स चांगली निघाली म्हणून.

बाईंची आणि माझी प्रत्यक्ष भेट त्यानंतर झाली. यांना ताप होता म्हणून प्रिंट घरी पोचवायला मी गेले. ते आत झोपले होते. दार उघडलं त्या बाईंच्या गालावर तीळ होता, आणि मी इतकं ओळखीचं हसले की त्या बुचकळ्यात पडल्या. कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, म्हंजे तुम्ही मला लई बघितलंय." चहा आणताना कपबशी वाजत होती. त्यांनी ती माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवली. तेच स्टूल.

मी हाताचं विचारलं, तशा त्यांनी आतल्या खोलीकडं बघून आवाज लहान केला.

"मला आधीपासनं ठावं हुतं ताई. लई दिस झालं. कोपर बरगडीला असं दाबून धरलं आणि श्वास कोंडला की थोडा वेळ थांबायचा. तेवढ्यात फोटो व्हायचा. मग श्वासबी पुरंना झाला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काढलंच असतं की मला तिथनं. आता काढलंच न्हवं?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर एकात एक गुंतवले. "रोज न्हाय, पण आठवड्यातनं एकदा तरी हे माझ्याकडं तेवढा वेळ बघत हुते. कापडात डोकं घालून, कॅमेऱ्यातनं. घरात कोण एवढं बघतंय? आणि तुमच्याकडं येऊन परत मोठं करून बघत्यात, असं म्हणायचे."

मी चहा प्यायले. पेपराचं काही बोलले नाही.

त्या नव्या लेन्सचं पहिलं मोठं काम आलं ते बाईंच्याच माहेरचं. माहेर आजऱ्याचं. भावाचा काजूचा छोटा कारखाना, आई नव्वदीला टेकलेली, सगळी भावंडं, सुना, नातवंडं एकत्र जमणार होती. यांनी फोटो काढला आणि निगेटिव्ह आणला. मी स्कॅन केला आणि सवयीनं आधी डावा कोपरा बघितला, मग उजवा. दोन्हीकडं लहान पोरं उभी होती, त्यांच्या पापण्या दिसत होत्या. मग मी सगळा फोटो ओळीनं बघत गेले.

"वहिनी कुठायत?"

"तिला म्हटलं, तू हुबी ऱ्हाऊ नगोस. हात हलला म्हंजे सगळा ग्रुप वाया." बोट पडद्यावर. "कोपरा बघ कसला आलाय."

खरोखर सुंदर आला होता. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तोच असेल.

बाई त्या वेळी चहा बघते म्हणून आत गेल्या होत्या आणि अंगणात गडबड एवढी होती की कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फ्रेम भिंतीवर लागल्यावर. म्हातारी आई फ्रेमपुढं उभी राहून एकेकावर बोट ठेवत होती, आणि मग तिनं विचारलं, "माझी लेक कुठं हाय ह्यात?" हे मला नंतर त्यांच्या भावानं सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला आला. भांडला नाही. बहिणीला म्हणाला, "अक्का, पिशवी भर." यांनी कॅमेऱ्याची काच पुसता पुसता विचारलं, किती दिवसांसाठी. भाऊ म्हणाला, "तुम्हाला कळंल तवा कळंल."

त्यांना कळलं नाही. आमच्याकडं येत राहिले. आता स्कॅनमध्ये कोपऱ्यात लोखंडी स्टँड असायचा, चिमट्यात पेपर. अक्षरं कातीव. "हे बघ. श्वासबी घेत न्हाय," म्हणायचे. वहिनी कशा आहेत विचारलं की, "हाय की तिकडं, भावानं गोळ्या चालू केल्यात," एवढंच. एकदाही आजऱ्याला गेले नाहीत. शर्टाची इस्त्री मात्र गेली. बटण तुटलेला शर्ट घालून ते लोकांच्या शर्टाची बटणं मोजत बसायचे, आणि आम्ही कुणी त्यांना ते सांगितलं नाही. तसं त्यांचंच तोंड त्यांना परत द्यावं असं लॅबमधल्या पुष्कळांना वाटत असे.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, उघडेना, शेजाऱ्यांनी कडी तोडली. मागच्या भिंतीपुढं कॅमेरा तिकाटण्यावर लावलेला होता आणि ते खाली पडलेले होते. समोर स्टँड उभा होता.

दोन दिवसांनी बाई भावाबरोबर लॅबमध्ये आल्या. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. अख्ख्या घरात यांचा एकही फोटो सापडला नव्हता. आयुष्यभर हे कॅमेऱ्याच्या मागंच राहिले. शेवटी आधारकार्ड निघालं. त्यावरचा तो नखाएवढा फोटो मी स्कॅन करून मोठा केला. पडद्यावर नाक कुठं संपतं आणि मिशी कुठं सुरू होते ते कळेना. कोपऱ्याचं तर नावच नको, यात मधलंसुद्धा दिसत नव्हतं.

"पुसट येणार हो वहिनी," मी म्हटलं. "मोठा फ्लेक्स नको करायला."

"असूंदे. ओळखू येत्यात तेवढं बास," त्या म्हणाल्या. "मोठाच करा. चौकात लोकांस्नी दिसाया पाहिजे."

गोळ्यांनी हात बराच थांबला होता. मी मजकूर टाइप करत होते, तोवर त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझे फोटो हाईत न्हवं तुमच्याकडं? ह्यांनी काढलेले. मला एकदा मधी हुबं केलं हुतं, नवी लेन्स आल्ती तवा. त्यो दावा की."

"तो नाहीये," मी म्हटलं.

"ऱ्हाऊंदे. बाकीचे दावा. हे जे मोठं करून बघायचे, ते."

भाऊ बाहेर फोनवर बोलत होता. मला टाळता आलं असतं, कॉम्प्युटर बिघडलाय म्हणता आलं असतं. पण त्या इतक्या नीट सावरून बसल्या होत्या की माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी फोल्डर उघडलं. वर्षानुवर्षांचे तुकडे होते. पहिला उघडला. पडदाभर अक्षरं, ऊस, पाऊस, कुठल्याशा निवडणुकीची बातमी, आणि खाली कडेला अंगठ्याचं नख. दुसरा उघडला. अक्षरं. तिसरा. अक्षरं, अंगठा, बांगडीचा थोडा काठ.

"तोंड कुठं हाय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग पुढचे तुकडे आपणच दाखवायला लावले. "पुढचं. पुढचं." एकात अंगठा स्थिर होता, नखावरची रेघ दिसत होती. पुढंपुढं तोच अंगठा दुहेरी दिसायला लागला, अक्षरं फराटली. शेवटच्या तुकड्यांत अंगठा नव्हता, चिमटा होता. तिथं त्या थांबल्या.

"म्हंजे हे पेपर वाचत हुते," त्या म्हणाल्या.

बाहेरून भाऊ हाक मारत होता, रिक्षा थांबली होती. त्यांनी आधारकार्ड उचललं, पुसलं, पर्समध्ये घातलं आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या.

"ताई, त्यो फ्लेक्स," त्या म्हणाल्या. "ल्हानच करा."